सिंक न केलेले तीन दिवस

माणसाचं कोणतंही काम दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुरं होत नाही. तोवर ते त्याच्या डोक्यातलं निव्वळ खूळ असतं. हा विचार कुण्या थोर माणसाने मांडला असावा, असं त्याला बरीच वर्षं वाटत होतं. वास्तविक तो प्रिंटरच्या वर चिकटवलेल्या सूचनेचा त्याने आपल्यापुरता वाढवलेला अर्थ होता. सूचना एवढीच होती: ‘दर तासाला सिंक करा. लाल कप परत जागेवर ठेवा.’ खाली कुणीतरी पेन्सिलीने ‘आणि धुवा’ असं लिहिलं होतं.

गुरुवारी सकाळी अकराला त्याच्या स्क्रीनच्या मधोमध पिवळी चौकट उगवली. तुम्ही शेवटचं सिंक केल्याला चार हजार तीनशे वीस मिनिटं झाली आहेत, आता करायचं का, असं तिने विचारलं. चौकट नवी नव्हती. सोमवारपासून ती दर अर्ध्या तासाने येत होती आणि माशी हाकलावी तसा तो ‘नंतर’वर टिचकी मारून तिला हाकलत होता. आज पहिल्यांदा त्याने आकडा वाचला. तीन दिवस झाले असं कुणी म्हटलं असतं तर त्याला काही वाटलं नसतं; तीन दिवस माणूस नुसत्या सर्दीत घालवतो. पण मिनिटं कुणीतरी एकेक करून मोजली आहेत, आणि मोजताना आपण खुर्चीत बसून मान खाजवत होतो, या कल्पनेने त्याचा मानेवरचा हात खाली आला. त्याने पुन्हा ‘नंतर’ दाबलं. मग सवयीने सेव्ह केलं. सेव्ह तो दर पाच मिनिटांनी करायचा. त्याबाबतीत त्याच्याइतका शिस्तीचा माणूस त्या मजल्यावर नव्हता.

सेव्ह आणि सिंक यांतला फरक नव्या माणसाला समजावून सांगण्याचं काम ऑफिसात त्याच्याकडेच होतं. इमारतीची एकच मूळ फाइल असते, ती सगळ्यांची. सकाळी आल्यावर प्रत्येकाने तिची एक प्रत आपल्या मशीनवर घ्यायची आणि दिवसभर त्या प्रतीत काम करायचं. सेव्ह केलं की काम आपल्या प्रतीत राहतं. सिंक केलं की ते मूळ फाइलीत जातं, आणि इतरांनी तेवढ्या वेळात जे केलं ते आपल्याकडे येतं. म्हणजे द्यायचं आणि घ्यायचं, दोन्ही एकदम. नुसतं देता येत नाही आणि नुसतं घेणं शोभत नाही. दोघांनी एकाच वेळी सिंक केलं तर मशीन घुसमटतं, म्हणून लाल कप. कान तुटलेला, प्लॅस्टिकचा. तो ज्याच्या टेबलावर, त्याचीच पाळी. आणि ज्या भिंतीला किंवा दाराला एकाने हात लावला, ती वस्तू तो सिंक करेपर्यंत दुसऱ्या कुणाला हलवता येत नाही, अडकून राहते. त्यामुळे नऊ माणसांच्या त्या खोलीत दिवसभर बोलणी चालत ती अशी: टॉयलेट कुणाकडे आहे? माझ्याकडे, दोन मिनिटांत सोडते. जिना सोडा हो कुणीतरी, मी कधीचा लटकलोय. एकदा पार्सल घेऊन आलेला माणूस हे ऐकून दारातच थांबला होता आणि सही न घेता गेला होता. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. ती सांगून हसणारे लोक आता नोकरी सोडून गेले होते, आणि उरलेल्यांत तो एकटा, तिच्यावर कसं हसायचं हे विसरलेला.

मागून त्याला फूटपट्टी म्हणत, तोंडावर सर. चोपन्न वर्षांचा होता. कागदावर शाईने नकाशे काढण्यापासून सुरुवात करून तो या मशीनपर्यंत आला होता आणि वाटेत डाव्या खांद्याचा वरचा स्नायू कायमचा गमावून बसला होता. खांदा आताही दुखत होता. नकाशे चार वाजता ठेकेदाराकडे जायचे होते. साडेतीनपर्यंत सगळ्यांनी शेवटचं सिंक करायचं होतं. ऑफिसची मुख्य, जिला सगळे मॅडम म्हणत, तिने मागच्या शुक्रवारी सांगितलं होतं की आता कुणीही आपल्या मनाने काहीही बदलायचं नाही. ती एकेकाळी त्याच्या हाताखाली शिकायला आली होती. पेन्सिल कुठल्या बोटांत धरायची हे त्याने तिला दाखवलं होतं. आता ती ‘काही बदलायचं नाही’ म्हणाली की तो सगळ्यात आधी मान हलवत असे. शुक्रवारीही त्याने हलवली. सोमवारी अकराला त्याने नेहमीप्रमाणे सिंक केलं, लाल कप जागेवर ठेवला, आणि चव्वेचाळीस खिडक्या खाली आणायला सुरुवात केली.

इमारत म्हणजे एका दवाखान्याचा नवा भाग. लांबलचक, दोन मजली. खाली बावीस खोल्या, वर बावीस. इथे येणारी माणसं बरी होऊन आठवड्यात घरी जाणारी नव्हती. महिनोन्‌महिने पडून राहणारी, खुब्यातून मोडलेली, अर्ध्या अंगाने गेलेली. प्रत्येक खोलीत एक पलंग, एक खुर्ची, एक खिडकी. खिडकीचा तळ जमिनीपासून एक मीटर वीस सेंटिमीटर. पलंगावर पडलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पंच्याहत्तर सेंटिमीटरवर असतात. हे त्याला कुठल्या पुस्तकातून नव्हे, टेपने मोजून माहीत झालं होतं.

आई सात महिने तशा खोलीत होती. तो ऑफिस सुटल्यावर जायचा, खांद्यावरची पिशवी खुर्चीवर ठेवायचा, आणि ती विचारायची, बाहेर काय चाललंय? उशीवरून तिला खिडकीतून आभाळाचा एक पांढरट तुकडा दिसे. तो तुकडा इतका गुळगुळीत होता की एकदा तिने नर्सला विचारलं, हे आभाळ आहे का तुम्ही मागे कागद लावलाय? बाहेर एक बंद गोदाम होतं आणि त्याच्या दारात दोन पिंपं ठेवलेली होती. पहिले काही दिवस त्याने ‘काही नाही’ असं सांगितलं. ती म्हणायची, काही नाही असं कसं, बाहेर आहे म्हणजे काहीतरी असणारच. मग एका संध्याकाळी, पाय ठणकत असताना, लवकर सुटका व्हावी म्हणून तो म्हणाला की एक माणूस शिडी लावून फाटक रंगवतोय. ती खूश झाली. कसला रंग, तिने विचारलं. हिरवा, तो म्हणाला. त्यानंतर रोज त्या शिडीवाल्याचं काही ना काही सांगावं लागे. ऑफिसातल्या फाइलीइतकंच ते ओझं झालं. शिडीवाला कधी डबा विसरायचा, कधी त्याचा मालक येऊन ओरडायचा, एकदा त्याने खांबाची एक बाजू रंगवायचीच ठेवली. ‘मठ्ठच दिसतोय,’ आई समाधानाने म्हणाली. एक दिवसाआड ताई जायची. तिला आईने विचारलं, आज आला नाही का शिडीवाला? ताई खिडकीशी गेली, गोदाम पाहिलं, पिंपं पाहिली, आणि म्हणाली, आलाय ना, वर चढलाय. ती खरी त्याचीच बहीण. पण दोघांनी कधी आपसात ठरवलं नाही. त्याचं त्याच्यापाशी, तिचं तिच्यापाशी. तीन आठवडे त्याचा शिडीवाला हिरवा रंग लावत होता आणि ताईचा निळा. एका रविवारी दोघं एकदम गेली तेव्हा आईने दोघांना पलंगाच्या दोन बाजूंना उभं केलं.

‘आधी तुमचं एकमेकांत ठरवा,’ ती म्हणाली, ‘आणि मग मला येऊन फसवा.’

ताई रडायला लागली, कारण ताईला ते जमतं. त्याने खरं काय आहे ते सांगितलं. आईने नजर छताकडे वळवली. तिच्या हनुवटीवर औषधाचा सुकलेला थेंब होता आणि तो पुसावा की नाही हे त्याला ठरवता येईना.

‘मग पिंपंच सांगायची होतीस की,’ ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, ‘एवढी उंच खिडकी कुणासाठी करतात रे? उभ्या माणसाला दार असतं बाहेर जायला.’

नियम असतो तसा, तो म्हणाला. कुणाचा, असं तिने विचारलं नाही. ती दमली होती. तिचा डोळा लागल्यावर त्याने खिशातली टेप काढून जमिनीपासून खिडकीच्या तळापर्यंत लावली. एक मीटर वीस. मग पलंगाशेजारी वाकून उशीवरच्या डोळ्यांपर्यंत लावली. तेवढ्यात नर्स आली आणि तिने विचारलं की हे काय चाललंय. पडदे शिवायचे आहेत, तो म्हणाला. तिने त्याच्या हातातल्या टेपकडे आणि आईच्या कपाळाकडे आळीपाळीने पाहिलं. एवढ्या वर्षांत त्या खोलीसाठी कुणी पडदे शिवले नव्हते, पण तिने वाद घातला नाही. आई त्यानंतर एकवीस दिवस होती. त्या एकवीस दिवसांत त्याने रोज पिंपं सांगितली. एकदा एका पिंपावर मांजर बसलं होतं. ते खरंच बसलं होतं, पण आईचा विश्वास बसला नाही.

नियम असतो तसा. हे वाक्य डोक्यात कुठेतरी अर्धवट बसलं होतं, दाताच्या फटीत अडकल्यासारखं, आणि मागच्या महिन्यात या चव्वेचाळीस खोल्या हातात आल्यावर त्याने एका दुपारी नियमांची सगळी पुस्तकं उलटीपालटी केली. असा नियम कुठेच नव्हता. साठ सेंटिमीटरवरही खिडकी चालत होती, फक्त पडू नये म्हणून आडवा बार लावायचा. मग एक मीटर वीस आलं कुठून? ते आलं होतं ऑफिसच्या नमुना खिडकीतून, जी उचलून प्रत्येक प्रकल्पात ठेवली जायची. आणि ती नमुना खिडकी बावीस वर्षांपूर्वी त्यानेच बनवली होती. ती बनवतानाचा दिवससुद्धा त्याला आठवला. जुनं ऑफिस, मशीनवर पहिला महिना. प्रोग्रामने विचारलं खिडकी किती उंचीवर, आणि त्याने मागे वळून आपल्या खुर्चीमागच्या खिडकीला टेप लावली. ती खिडकी तेवढ्या उंचीवर होती कारण तिच्याखाली लोखंडी कपाट होतं. बस. दवाखाने, शाळा, वसतिगृहं, एक अनाथाश्रम, बावीस वर्षं लोक एका कपाटाच्या वरून बाहेर बघायचा प्रयत्न करत होते. आईची खोली दुसऱ्या कुणीतरी काढली होती, हे त्याने तिथल्या पाटीवर वाचून घेतलं. त्यामुळे त्याला बरं वाटायला हवं होतं. पण त्या दुसऱ्याच्या खुर्चीमागेही कुठलं तरी कपाट असणारच.

खिडकी खाली आणणं हे सोपं काम नव्हतं. तळ बदलायला एक सेकंद. पण खिडकीखाली विजेचे सॉकेट होते, ते बाजूला सरकवायचे, बार लावायचा, बारचा मोठा नकाशा काढायचा, बाहेरच्या बाजूचं चित्र सुधारायचं. चव्वेचाळीस वेळा. त्यालाच तीन दिवस लागले. मध्येमध्ये तो फाइलीतल्या त्रिमित मॉडेलमध्ये सतरा नंबरच्या खोलीत जाई, डोळ्याची उंची उशीएवढी लावी आणि खिडकीकडे बघे. बाहेर प्रोग्रामने दिलेलं हिरवळीचं पातळ आवरण होतं आणि लांब, एकाच साच्यातली अकरा झाडं. एकाही झाडाला सावली नव्हती. तो दोन-दोन मिनिटं तसाच बघत बसे आणि मग दचकून सेव्ह करी. सगळं त्याच्या सोमवारच्या प्रतीत; रोज सकाळी नवी घ्यायची ती त्याने घेतलीच नव्हती. मूळ फाइलीत अजून एक मीटर वीसच होतं, आणि चार वाजता जाणार होतं ते मूळ फाइलीतलं. जे गेलं ते बांधलं जाणार; बांधलेली खिडकी पुढची साठ वर्षं कुणी खाली आणणार नव्हतं. एवढं सरळ होतं. तरी सोमवारी संध्याकाळी तो कपापर्यंत गेला आणि पाणी पिऊन परत आला. मंगळवारी कप कुणाकडे तरी होता, याचं त्याला हायसं वाटलं. सिंक केलं की प्रोग्राम एक रकाना पुढे करतो: काय बदललं ते लिहा. गेली कित्येक वर्षं तो त्यात ‘किरकोळ’ एवढंच लिहीत आला होता. या वेळी ते लिहवेना, आणि दुसरं लिहिलं तर लोक वाचणार. लोकांनी वाचलं की विचारणार. विचारलं की आई सांगावी लागणार, पिंपं सांगावी लागणार, आणि ती सगळी एकदा ऑफिसात पडली की कुणीही त्यांना हात लावणार. घरीही त्याने काही सांगितलं नव्हतं. बुधवारी रात्री जेवताना बायको म्हणाली होती की तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी अर्ज करावा लागतो. तो म्हणाला, काय बोलायचंय? ती म्हणाली, राहू दे, मुदत संपली. तिला विनोद चांगला येतो. तो हसला, आणि दोघांनी आपापली ताटं धुतली.

बारा वाजता पाइपवाली त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. नळ आणि सांडपाणी यांचे नकाशे तिच्याकडे असत. त्याच्या खिडक्यांच्या भिंती सोमवारपासून अडकून पडल्या होत्या आणि तिला त्यांतून एक पाइप न्यायचा होता. दुपारी सोडतो, तो म्हणाला.

‘सर, तुम्ही सोमवारपासून दुपारी सोडताय.’

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला जास्त लागलं. ती गेल्यावर त्याने डबा उघडला, झाकण परत लावलं. बाहेरच्या भिंतीला टेकून वातानुकूलन यंत्र एकसुरी घरघरत होतं. इथली काच उघडत नाही. तिच्यामागे समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक बाई गादी झोडपत होती आणि काठीचा आवाज इकडे येत नव्हता. त्याला वाटलं, अजूनही सगळं पुसता येईल. प्रत फेकून द्यायची, सकाळची नवी घ्यायची, तीन दिवस आजारी होतो असं समजायचं. कुणाला कळणारसुद्धा नाही. हा विचार इतका सोयीचा होता की त्याला झोप आली. खरंच डोळे मिटले असावेत, कारण पुन्हा पाहिलं तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटं कमी होती आणि पिवळी चौकट आली होती, आपले आकडे वाढवून.

तो उठला आणि मॅडमच्या केबिनमध्ये गेला. का गेला हे त्याला सांगता आलं नसतं. बहुधा गुपचूप करण्याचं बळ उरलं नव्हतं. मॅडम एका हाताने बिस्किट खात होती, दुसऱ्या हाताने फोनवर कुणाला तरी काहीतरी लिहीत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्याला ती बोटांत पेन्सिल धरून बसलेली मुलगी क्षणभर दिसली आणि नाहीशी झाली. दवाखान्याच्या खिडक्यांची उंची बदलली आहे, तो म्हणाला. अजून सिंक केलेलं नाही. तिने किती केली म्हणून विचारलं, त्याने साठ सांगितलं. किती खिडक्या, तिने विचारलं. सगळ्या, तो म्हणाला. तिने बिस्किट खाली ठेवलं.

‘का पण?’

उजेड, वारा, नियमांची दोन कलमं, अशी उत्तरं त्याने तीन दिवस तयार ठेवली होती. ‘पडल्या पडल्या बाहेर दिसावं म्हणून,’ तो म्हणाला.

मॅडम त्याच्याकडे बघत राहिली. नको तितका वेळ बघत राहिली. काहीतरी विचारणार होती आणि तिने ते गिळलं. आईच्या वेळी ती स्मशानात आली होती, मागे उभी राहिली होती, हे त्याला आठवलं, आणि तिलाही तेच आठवत असणार असं त्याला वाटलं. त्याने टेबलावरच्या बिस्किटाच्या चुऱ्याकडे नजर लावली.

‘बार लावलात?’ तिने विचारलं.

‘लावला.’

‘सॉकेट?’

‘सरकवले.’

‘ठीक आहे, सर,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘तुमची इच्छा आहे ना, मग करा. साडेतीनच्या आत करा फक्त.’

तो बाहेर आला. तीन दिवसांच्या भीतीचा निकाल लागायला दीड मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. पाय हलके व्हायला हवे होते, पण ते जड झाले; एवढंच होतं तर आपण कशाला दमलो, असं काहीसं. लाल कप प्रिंटरजवळ रिकामा होता. तो त्याने आपल्या टेबलावर आणून ठेवला. काय बदललं ते लिहा, प्रोग्राम म्हणाला, आणि त्याने लिहिलं: ‘चव्वेचाळीस खिडक्या खाली आणल्या. पलंगावरून बाहेर दिसावं यासाठी.’ वाचलं. ‘यासाठी’च्या जागी ‘म्हणून’ केलं. बटण दाबलं. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली, सावकाश. तीन दिवसांचं काम एकदम चाललं होतं, वेळ लागणारच. पाइपवाली खुर्ची फिरवून त्याच्याकडे बघत होती. पट्टी पूर्ण भरली तेव्हा तिने दोन्ही हात वर केले आणि ‘सुटल्या भिंती’ म्हणून आपल्या स्क्रीनकडे वळली. एकदोघे हसले. ताईला आज फोन करावा, त्याच्या मनात आलं. बायकोलाही सांगावं, सुरुवात कुठून करायची ते जेवताना बघता येईल. खांदा दुखायचा थांबला नव्हता, पण त्याच्याकडे लक्ष नव्हतं. बऱ्याच दिवसांनी त्याला भुकेसारखं काहीतरी वाटलं. डबा उघडण्याआधी एकदाच बघू म्हणून तो सतरा नंबरच्या खोलीत गेला आणि डोळ्याची उंची उशीएवढी लावली.

खिडकी साठवर होती. बार होता. पलीकडे सगळं करडं होतं. चित्र अजून पुरतं उतरलं नसेल म्हणून तो थांबला. मग त्याने माऊस हलवला, खोलीतून बाहेर निघाला, पार छपरावर गेला आणि तिथून खाली पाहिलं. इमारतीच्या पूर्ण लांबीला समांतर, हिरवळीच्या जागी, एक लांब खोकं उभं होतं.

इमारतीबाहेरचं सगळं काम कंपाउंडकडे असे; म्हणून त्याचं नाव कंपाउंड. तो शेजारच्या टेबलावर होता. हे काय आहे, असं त्याने कंपाउंडला विचारलं.

‘धुलाईघर,’ कंपाउंड म्हणाला. ‘चादरींचं. सोमवारी दुपारी टाकलं, मॅडमनीच जागा दिली. सगळ्यांकडे आलंय की, सर. तुम्ही सिंक नव्हतं केलंत का?’

पाइपवालीने लाल कप मागितला. त्याने तो दिला. मग खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंत माप लावलं. भिंत सहा मीटर उंच, अंतर तीन मीटर वीस. दोन इमारतींमध्ये नियमाने तीन पुरतं.